युद्ध चालू असतानाच 'अंधा युग' करायला हवं

सीमेवर गोळीबार सुरू झाला की आपल्याकडे एक वाद हमखास उभा राहतो. देश लढत असताना लेखकानं, नाटकवाल्यानं युद्धाबद्दल प्रश्न विचारावेत की नाही? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांना ठार मारण्यात आलं, ७ मेच्या पहाटे भारतानं सीमेपलीकडच्या तळांवर हल्ले केले आणि १० मेला शस्त्रसंधी झाली. त्या दिवसांत हा वाद पुन्हा पेटला, आणि अशा वादात नेहमी होतं तसं धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' हे महाभारतयुद्धाच्या शेवटावरचं हिंदी काव्यनाटक दोन्हीकडून ओढलं गेलं. एक बाजू त्यातल्या चार ओळी टाकून सांगते की बघा, युद्धात सगळे सारखेच पापी, सगळंच व्यर्थ. दुसरी बाजू म्हणते, हा हरलेल्या मनाचा शांतिपाठ आहे, जवान सीमेवर उभा असताना तो ऐकवू नका. इतकं भांडणाऱ्या या दोघांचं एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत असतं. 'अंधा युग' हे 'लढूच नका' असं सांगणारं नाटक आहे, हे दोघंही धरून चालतात. त्यामुळे पुढचा सगळा वाद चुकीच्या पायावर होतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. 'अंधा युग' कुठेही लढू नका म्हणत नाही. आपली बाजू न्यायाची असली तरी वाटेल ते करायची मुभा त्यातून मिळत नाही आणि विजयाच्या दिवशी हिशेब मिटत नाही, उलट त्या दिवसापासून तो मांडायला घ्यावा लागतो, असं हे नाटक म्हणतं. म्हणून त्याची खरी वेळ युद्धाचीच. या म्हणण्याला संहितेचा आधार आहे तसाच भारतींच्या आयुष्याचाही आहे. १९५४ मध्ये 'अंधा युग' प्रसिद्ध झालं. १९५९ मध्ये राधेच्या तोंडून बोलणारं 'कनुप्रिया' हे काव्य आलं. १९७१ मध्ये हाच माणूस बांगलादेशच्या रणभूमीवर गेला आणि तिथून 'धर्मयुग' या आपल्या हिंदी साप्ताहिकाच्या वाचकांसाठी वार्तांकन करत राहिला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये, ते युद्ध जिंकून देणाऱ्या सरकारविरुद्ध त्यानं 'मुनादी' ही कविता लिहिली. हे सगळं एकमेकांशी विसंगत आहे, कवी वयानुसार बदलत गेला, असं सांगितलं जातं. मला त्यात एकच भूमिका सलग दिसते.

ती भूमिका कुठून आली हे समजायला अलाहाबादचे दिवस पाहावे लागतात. भारतींचा जन्म २५ डिसेंबर १९२६ चा, तिथल्या अतरसुइया मोहल्ल्यातला. बेचाळीसच्या आंदोलनात शिक्षण खंडित झालेली ही पिढी विशीत आली तोवर हिरोशिमा बेचिराख झालं होतं, मग फाळणी झाली आणि पाठोपाठ गांधींचा खून. भारती अलाहाबाद विद्यापीठात शिकवू लागले, 'परिमल' या लेखकमंडळात वावरू लागले. त्या काळच्या हिंदी साहित्यात 'परिमल' आणि डाव्या विचारांचा प्रगतिशील लेखक संघ यांच्यात कडाक्याचं भांडण होतं. कोरियात युद्ध चाललेलं, जग दोन छावण्यांत वाटलं गेलेलं, आणि प्रत्येक लेखकाला विचारलं जात होतं: तू कुणाच्या बाजूचा? एकावर अमेरिकेचा शिक्का, दुसऱ्यावर मॉस्कोचा. बाजू निवडणं म्हणजेच नीती, बाजू बरोबर असली की पुढचं सगळं आपोआप बरोबर, असं मानण्याचा तो काळ होता. 'अंधा युग' याच समजुतीला हात घालतं. महाभारताच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी ते सुरू होतं आणि प्रभासक्षेत्री कृष्णाच्या मृत्यूपाशी संपतं. म्हणजे बाजू निवडून झाल्या आहेत, लढाईही होऊन गेली आहे. त्यानंतरची माणसं या नाटकात आहेत.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना कौरवांनी केली, पांडवांना वनवासाला कौरवांनी पाठवलं, पाच गावं मागितली तरी सुईच्या अग्राइतकी जमीन द्यायला दुर्योधन तयार झाला नाही. असं असताना दोघांना एकाच मापानं मोजणारं नाटक अन्याय करणाऱ्याला सोडून देतं आणि अन्याय सोसणाऱ्याला आरोपी करतं. पहलगामच्या मृतांच्या घरच्यांना 'दोन्ही बाजू सारख्याच' असं कुणी सांगू लागलं तर त्यांनी त्याला दारात उभं करू नये, आणि ते योग्यच होईल. तत्त्वज्ञानाच्या उंचीवरून सगळं सपाट दिसतं, पण ज्याच्या घरातला माणूस गेला तो जमिनीवर उभा असतो.

पण भारतींनी दोघांना एकाच मापानं मोजलंय का? नाटकाच्या सुरुवातीलाच समूहगान येतं. मर्यादेचे तुकडे तुकडे झाले, ती दोन्ही पक्षांनी मोडली, आणि लगेच पुढे: 'पांडव ने कुछ कम, कौरव ने कुछ ज़्यादा'. वाद घालणारे यातलं 'दोन्ही पक्षांनी' उचलतात आणि पुढची ओळ गाळतात. कमी-जास्तीचा हिशेब नाटककारानं पहिल्या पानावर करून ठेवला आहे. दोष वेगवेगळा आहे, तरी कमी दोषी असणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, असं तो सांगतो. रस्त्यावरच्या खटल्यापासून आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत आपण हेच तत्त्व मानतो. मग स्वतःच्या बाजूबद्दल बोलताना ते का चालू नये? चौथ्या अंकात तर फरक आणखी उघड होतो. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनी ब्रह्मास्त्र सोडलं आहे. व्यासांचा आवाज येतो, ही दोन अस्त्रं भिडली तर शतकानुशतकं या पृथ्वीवर रसाळ वनस्पती उगवणार नाही, मुलं विकलांग आणि कुष्ठग्रस्त जन्मतील. हिरोशिमाला जेमतेम नऊ वर्षं झाली असताना हे छापलं गेलं, तेव्हा वाचकाला वेगळं काही सांगायची गरजच नव्हती. व्यासांच्या सांगण्यावरून अर्जुन आपलं अस्त्र माघारी घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, तो ते उत्तरेच्या गर्भाकडे वळवतो. ज्याला शस्त्र मागे घेता येतं आणि ज्याला येत नाही, त्यांना हे नाटक एकच मानत नाही.

आणि तटस्थांचं काय? 'अंधा युग' म्हणजे तटस्थतेचा पुरस्कार असं समजणाऱ्यांनी संजयाकडे पाहावं. संजय तटस्थ आहे, त्याला दिव्यदृष्टी आहे, तो खरं तेच सांगतो. तिसऱ्या आणि चौथ्या अंकांमधल्या 'अंतराल' या भागात हाच संजय स्वतःला दोन मोठ्या चाकांच्या मध्ये बसवलेलं एक छोटं, निरर्थक शोभेचं चाक म्हणवतो. ते चाक रथाबरोबर फिरतं खरं, पण रथ पुढे नेत नाही आणि जमिनीलाही टेकत नाही. काठावर उभं राहून दोन्हीकडच्यांना उपदेश करणाऱ्या लेखकावर याहून कठोर टीका हिंदी नाटकात मी वाचलेली नाही. जे लोक 'अंधा युग'च्या ओळी टाकून आपण सगळ्या भांडणाच्या वर आहोत असं दाखवतात, त्यांचं चित्र नाटकात आधीच काढून ठेवलेलं आहे.

या नाटकाचं मर्म मला अश्वत्थाम्यात किंवा गांधारीत सापडत नाही, जरी नट आणि दिग्दर्शक त्यांच्यामागे धावतात. ते युयुत्सूत आहे. धृतराष्ट्राचा हा एक मुलगा सत्याची बाजू पांडवांकडे आहे म्हणून भावांविरुद्ध लढला. जिंकलेल्या सैन्यातून तो घरी, हस्तिनापुरात परत येतो. नगरातली माणसं त्याला कुणी मायावी राक्षस समजून घाबरतात. आई त्याला विचारते, बाळा, स्वतःच्या भावांना मारता मारता हे पराक्रमी हात थकले तर नाहीत ना? मग एक जखमी, मुका सैनिक येतो, खुणेनं पाणी मागतो. युयुत्सू त्याला पाणी पाजायला पुढे होतो, आणि सैनिक त्याला ओळखताच किंचाळून मागे सरतो. याच्याच अग्निबाणांनी त्याचे पाय जळालेले असतात. ज्या पाण्याला दया म्हणायचं तेही आता याच्या हातून कुणी घेत नाही. पाचव्या अंकात जिंकलेल्यांच्या दरबारात भीम त्याची टिंगल करतो आणि शेवटी युयुत्सू भाल्यानं स्वतःला संपवतो.

इथे महाभारत आणि भारती यांच्यातला फरक लक्षात घ्यायला हवा. मूळ महाभारतात युयुत्सू आत्महत्या करत नाही. पांडव महाप्रस्थानाला निघतात तेव्हा परीक्षिताचं राज्य सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर सोपवून जातात. व्यासांनी त्याला जगवलं, भारतींनी मारलं. का? कारण अलाहाबादच्या त्या वर्षांत भारतींना नेमका हाच प्रश्न पडला होता: मी बरोबर बाजू निवडली, मग माझ्या बाजूनं जे केलं त्याचं काय? युयुत्सूला हा प्रश्न विचारायला विजयी राजसभेत जागा उरत नाही. तो म्हणतो की पक्ष सत्याचा असो वा असत्याचा, शेवटी दोन्ही माणसाला जर्जरच करून सोडतात. हे वाक्य नाटकाचा संदेश म्हणून फिरवलं जातं. पण ते एका खचलेल्या माणसाचं वाक्य आहे आणि नाटक त्याच्याशी सहमत होऊन थांबत नाही. त्याच्या मृत्यूनंतर कृपाचार्य बजावतात की ही आत्महत्या या सगळ्या संस्कृतीत, धर्मात, कलेत, राज्यव्यवस्थेत घुमत राहील. म्हणजे दोष युयुत्सूच्या निवडीचा नव्हे. बरोबर निवड करणाऱ्याला जगू न देणाऱ्या विजेत्यांचा तो दोष आहे. पाचव्या अंकाचं नाव भारतींनी 'विजय: एक क्रमिक आत्महत्या' असं ठेवलं ते यासाठी.

हे वाचल्यावर १९७१ चं कोडं उरत नाही. 'अंधा युग' लिहिणारा माणूस बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या मुलांबरोबर का फिरला, सैनिकांच्या शौर्याबद्दल एवढ्या ओढीनं का लिहीत होता? शांततावादी मंडळी या भागाबद्दल गप्प राहतात आणि राष्ट्रवादी मंडळी तेवढाच भाग सांगतात. पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्करानं चालवलेला संहार समोर होता, लाखो निर्वासित सीमेच्या या बाजूला येऊन पडले होते. भारतींनी तिथे बाजू घेतली, आणि संजयासारखं काठावर राहायचं नाही हे 'अंधा युग'मध्येच ठरलेलं होतं. 'युद्ध-यात्रा' आणि 'मुक्तक्षेत्रे: युद्धक्षेत्रे' ही त्या काळातली पुस्तकं. या लेखनात ते वार्ताहराची अलिप्तता पाळत नाहीत हे कबूल करायला हवं. ते एका पक्षाचे साक्षीदार आहेत आणि तसे ते उघड दिसतात. पण लढाई योग्य आहे असं ठामपणे म्हणणं आणि लढाईत काहीही योग्य आहे असं म्हणणं, यातलं अंतर ज्याला कळतं त्यानंच पहिलं वाक्य उच्चारावं. भारतींना ते कळत होतं.

दुसरा मोठा आक्षेप वेळेचा आहे. ठीक आहे, प्रश्न विचारा, पण युद्ध संपल्यावर. माणसं मरत असताना मनोधैर्य खचवू नका. या आक्षेपामागची भावना खरी आहे. सीमेवरच्या मुलाच्या आईला रोज रात्री झोप लागत नसते, आणि तिच्यासमोर नाट्यगृहातली चर्चा पोकळ वाटू शकते हे मी नाकारत नाही. पण इतिहास काय सांगतो? इसवी सनपूर्व ४७२ मध्ये एस्किलसनं अथेन्समध्ये 'पर्शियन' हे नाटक केलं. तो स्वतः मॅरेथॉनला लढलेला सैनिक. सॅलेमिसला पर्शियनांवर मिळवलेल्या विजयाला आठच वर्षं झालेली, आणि नाटकात रडतं कोण, तर हरलेल्या शत्रूची राजमाता. पुढे ४१६ च्या हिवाळ्यात अथेन्सनं मीलॉस बेट जिंकून तिथले पुरुष मारले, बायकामुलांना गुलाम केलं. काही महिन्यांतच, ४१५ च्या वसंतात, युरिपिडीसनं 'ट्रॉयच्या स्त्रिया' रंगमंचावर आणलं. जिंकलेल्या ग्रीकांनी जळक्या शहरातल्या विधवांचं काय केलं त्याचं ते नाटक. युद्ध चालू होतं, तरी प्रयोग झाला, स्पर्धेत त्याला दुसरा क्रमांकही मिळाला. अथेन्सनं ते पाहिलं, पण ऐकलं नाही. त्याच उन्हाळ्यात सिसिलीवर आरमार निघालं आणि तिथे अथेन्सचं कंबरडं मोडलं. अथेन्स नाटकामुळे हरलं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

इतकं लांब जायचंही कारण नाही. गांधारीचा शोक आणि कृष्णाला दिलेला शाप भारतींच्या डोक्यातून निघालेला नाही, तो स्त्रीपर्वात आहे. झोपलेल्या सैन्याची कत्तल सौप्तिकपर्वात आहे. जिंकल्यावर राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर शांतिपर्वाच्या सुरुवातीला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक मेहनत करून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीत ही सगळी पर्वं जागच्या जागी आहेत. विजेत्याला त्याच्या विजयाचा जाब विचारणं हे पाश्चात्त्य उदारमतवाद्यांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्यासांना कुठे बसवायचं ते आधी ठरवावं. शिवाय आपल्याकडे 'अंधा युग'चे मोठे प्रयोग कोणत्या काळात झाले ते पाहा. १९६२ मध्ये सत्यदेव दुबेंनी ते मुंबईत उभं केलं. त्याच वर्षाअखेर चीनयुद्ध झालं. १९६३ मध्ये इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींमध्ये त्याचा प्रयोग केला आणि पंतप्रधान नेहरू तो पाहायला होते. वर्षभरापूर्वी युद्ध हरलेला देश, हरलेला नेता, आणि समोर जळलेल्या नगरीचं नाटक. प्रयोग पुढे ढकला, लोकांचं मनोधैर्य खचेल, असं तेव्हा म्हणता आलं असतं. तो झाला, आणि देशाचं काही बिघडलं नाही.

'युद्ध संपल्यावर विचारू' या म्हणण्यात आणखी एक अडचण आहे: युद्ध संपल्यावर विचारायची मुभा राहीलच याची खात्री कोण देणार? १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली. त्यानंतर इंदिरा गांधींच्या लोकप्रियतेला सीमा राहिली नाही. तीन वर्षांच्या आत, ४ नोव्हेंबर १९७४ ला, पाटण्यात जयप्रकाश नारायण यांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, त्या लाठ्या त्यांच्यावरही आल्या. भारतींनी 'मुनादी' लिहिली ती त्यानंतर लगेच. दवंडी पिटवली जाते आहे: शहरातल्या प्रत्येकानं दारं-खिडक्या लावून घ्या, मुलांना बाहेर सोडू नका, कारण बहात्तर वर्षांचा एक म्हातारा कापऱ्या आवाजात खरं बोलत रस्त्यावर निघाला आहे. ही कविता वाचताना मला नेहमी 'अंधा युग'चा पाचवा अंक आठवतो. राज्यावर विजेते बसले आहेत, बाजूही एकेकाळी त्यांचीच न्यायाची होती, आणि खरं बोलणारा माणूस त्यांना सोसवत नाही. 'मुनादी'नंतर सात महिन्यांनी आणीबाणी आली. १९७१ ला ज्यानं सरकारच्या युद्धाला मनापासून साथ दिली त्यानंच १९७४ ला सरकारविरुद्ध लिहावं, यात कोलांटउडी कुठे आहे? ती साथ न्यायाला होती, म्हणून पुढचा विरोधही न्यायासाठीच झाला. मराठीतही असंच एक उदाहरण आहे. 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या दुर्गा भागवत १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. महाभारत मनापासून वाचलेली ही दोन माणसं सत्तेच्या पुढ्यात जवळपास एकाच वेळी ताठ उभी राहिली, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप वेगळ्या दिशेचा आहे आणि मला तो सर्वांत अस्वस्थ करतो. भारती ज्या मर्यादेच्या तुटण्याचा शोक करतात ती मर्यादा होती कुणाची? एकलव्याचा अंगठा त्या मर्यादेतच कापला गेला. कर्णाला त्या मर्यादेनंच सूतपुत्र म्हणून हिणवलं. द्रौपदी पणाला लागली ती नियमबद्ध खेळात, आणि सभेतले वडीलधारे नियमांचाच काथ्याकूट करत बसले. अशी व्यवस्था कोसळली तर ज्यांना तिनं चिरडलं त्यांनी का रडावं? महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या प्रांतात, हा प्रश्न न विचारता 'अंधा युग' वाचणं अप्रामाणिक होईल. नाटकात द्रौपदीला आवाज नाही, एकलव्याचा तर पत्ताच नाही. सामाजिक कारणांचं ओझं भारती अनेकदा आस्था-अनास्था या मोठ्या शब्दांवर टाकून मोकळे होतात, आणि शेवट कृष्णाच्या देवत्वाकडे नेतात, तिथे नाटक मला सैल पडल्यासारखं वाटतं. प्रगतिशील समीक्षेनं यावर बोट ठेवलं ते योग्यच होतं.

तरीही या आक्षेपाचं अर्धं उत्तर नाटकातच आहे, आणि ते दोन प्रहरींच्या तोंडी आहे. पहिल्या अंकात राजवाड्याच्या ओसाड दालनातून दोन पहारेकरी फेऱ्या घालत असतात. सतरा दिवस त्यांचे भाले आणि ढाली निरर्थक ओझं होऊन अंगावर होत्या, कारण इथे राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आम्ही मर्यादा ओलांडली नाही, ते म्हणतात, कारण आमची स्वतःची अशी काही मर्यादाच नव्हती. अनास्थेनं आम्हाला कधी हादरवलं नाही, कारण आमची कशावर खोल आस्थाच नव्हती. एवढ्यात गिधाडांचा थवा कुरुक्षेत्राकडे जाताना आकाश झाकून टाकतो आणि दोघं ढालींखाली दडतात. पाचव्या अंकात राजा बदलला आहे, आंधळ्याच्या जागी धर्मराज आला आहे, आणि हे दोघं त्याच दालनात त्याच फेऱ्या घालताहेत. परिस्थिती जशीच्या तशी आहे, उलट आधीचे बरे होते, आंधळे असले तरी राज्य तरी करत होते, असं ते बोलतात. राजांची मर्यादा ही प्रजेची कधी नव्हतीच, हे भारतींना ठाऊक होतं याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? त्यांनी या दोघांना बंड करायला लावलं नाही, ही नाटकाची मर्यादा म्हणा. पण युद्धाच्या दिवसांत दूरचित्रवाणीसमोर बसून आपण सगळेच थोडे या प्रहरींसारखे असतो. कुणाचं तरी राखतो आहोत असं वाटतं, आणि काय राखतो आहोत हे विचारत नाही.

'कनुप्रिया'बद्दल इथे थोडं बोललं पाहिजे, कारण तिला निव्वळ प्रेमकाव्य म्हणून बाजूला ठेवलं जातं. 'इतिहास' या भागात राधेला सांगितलं जातं की या वाटेवरून आज बाजूला हो, कृष्णाच्या अठरा अक्षौहिणी सेना इथून जाणार आहेत. ज्या आंब्याच्या फांदीला टेकून तो तिची वाट पाहायचा ती फांदी सैन्यासाठी तोडली जाईल. वेडे, दुःख कसलं करतेस, अभिमान बाळग, एवढ्या सेना कुणाच्या प्रियकराच्या असतात? आणि राधा विचारते, आपले ते तन्मयतेचे क्षण खोटे होते असं मानलं, तर मग खरं काय राहिलं, कनू? कर्म, स्वधर्म, निर्णय, दायित्व हे शब्द तिनंही ऐकले आहेत, पण तिला त्यांतून काही सापडत नाही. युद्धाला नकार देण्याइतकी ती सबल नाही. ती फक्त युद्धाच्या मोठ्या शब्दांना आपल्या अनुभवाचं कोष्टक लावून बघते. युद्धाच्या काळात सामान्य माणसाला एवढा अधिकार उरला पाहिजे, आणि तो कुणी काढून घेत असेल तर ते युद्ध कशासाठी चाललंय हे विचारायलाच हवं.

भारतींवरचा एक आरोप मी भराभर निकाली काढतो. १९६० ते १९८७ 'धर्मयुग'चं संपादन करताना त्यांच्यातला कवी हरवला, मुंबईच्या बड्या वृत्तपत्रसमूहानं तो खाऊन टाकला, असं म्हणतात. त्यांचं सर्जनशील लेखन त्या वर्षांत रोडावलं हे खरं आहे. पण लाखो हिंदी घरांत दर आठवड्याला साहित्य पोचवणं आणि बांगलादेशचं युद्ध वाचकाच्या डोळ्यांसमोर उभं करणं हे काम 'अंधा युग'च्या लेखकालाच सुचू शकतं. ४ सप्टेंबर १९९७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं तोपर्यंत रतन थियम यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी ते नाटक मणिपुरीपर्यंत नेलं होतं.

यापुढे ज्या मंडळींना हे नाटक करायचं असेल त्यांना एवढंच सांगेन. कुठल्याही एका देशाचा गणवेश अश्वत्थाम्याला चढवू नका. तो चढवला की प्रेक्षक सुटतो, कारण मग पशू पलीकडचा ठरतो. 'कुछ कम, कुछ ज़्यादा' ही ओळ समूहगानाच्या गजरात बुडू देऊ नका, ती प्रत्येकाला स्वच्छ ऐकू आली पाहिजे. वेळ वाचवण्यासाठी कात्री लावायची झाली तर अश्वत्थाम्याच्या लांब स्वगतांना लावा, ती सोसतील. प्रहरी, युयुत्सू आणि पाण्यासाठी सरपटत येणारा तो मुका सैनिक मात्र पूर्ण ठेवा. आणि तारीख ठरवताना कुणी म्हणालं की सध्या वातावरण तापलंय, पुढच्या वर्षी बघू, तर त्याच आठवड्यातली तारीख घ्या.